रोजची भाजी: दारावरची गाडी की दहा मिनिटांचं ॲप?

पुण्या-मुंबईत नवं बिऱ्हाड मांडलं की हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडतो. माझं मत आधीच सांगते: पालेभाजी, वांगी-भेंडी आणि फळं गाडीवरून घ्या. कांदे-बटाटे आणि रात्री उशिरा अडलेली कोथिंबीर ॲपवरून मागवा.

भाव ताडताना नुसता किलोचा दर बघू नका. ॲपवर टोमॅटो स्वस्त दिसले, तरी डिलिव्हरीचे आणि हाताळणीचे पैसे शेवटी लागतात. ऑर्डर मोठी करून ते वाचवायला आपण नको असलेली बिस्किटं टाकतो. गाडीवर पावशेर वांग्यांना पावशेराचेच पैसे पडतात, मेथीची जुडी उलटून आतली पानं बघता येतात आणि दिवेलागणीनंतर उरलेला माल उतरत्या भावात मिळतो. सडकं निघालं तर मात्र ॲप बरं. फोटो टाकला की बहुतेक वेळा पैसे परत मिळतात. भाजीवालाही बदलून देतो, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला.

गाडीवर रोख द्यावी की यूपीआय? यूपीआय 2016मध्ये आलं, त्याच वर्षी नोटबंदी झाली, आणि पुढे क्यूआर कोड हातगाडीवरही दिसू लागला. सुट्ट्यांची कटकट संपली, पण 47चे 45 करण्याची सवलतही त्याच कटकटीतून मिळायची. आता 47 म्हणजे 47च जातात. फोनवरून दिलेले वीस-तीस रुपये जाणवत नाहीत, महिनाअखेरीस बेरीज केली की कळतात. म्हणून मी भाजीसाठी यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे यूपीआय ॲपमधल्या छोट्या रकमांच्या पाकिटात, ठरावीक रक्कम ठेवते. पिन लागत नाही आणि बँकेचं स्टेटमेंटही भरत नाही.

विक्रेत्यालाही याचा उपयोग आहे. 2020च्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना सुरुवातीला 10,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू लागलं आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅकही. तरी पहाटे मार्केटयार्डात रोखीनं माल उचलणारा "सुट्टे असतील तर द्या ना ताई" म्हणाला, तर जरूर द्या.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं अशा रानभाज्या घेऊन ठाणे-पालघरच्या आदिवासी बायका स्टेशनाबाहेर बसतात. तो माल ॲपवर क्वचितच मिळतो, आणि सगळ्यांकडे क्यूआर कोड नसतो. त्या दिवसांत पाकिटात दहा-वीसच्या नोटा ठेवा, आणि तिथे घासाघीस करू नका.