जिप्सीचा बेल्टवरचा फॅन काढून विजेचा बसवला : सात महिन्यांनंतर

मे महिन्यात गोव्यातल्या साखळी गावाहून परत येताना केरीच्या पुढं चोर्ला घाटात गाडी तापून उभी राहिली, म्हणून हे लिहायला बसलोय. एप्रिलपर्यंत मी भेटेल त्याला सांगत होतो की रेडिएटरचा फॅन विजेचा करून घ्या. आजही सांगतो, पण डॅशबोर्डवरच्या एका बल्बाचं आधी ऐका.

गाडी एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली, १२९८ सीसी. या इंजिनाचा फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर, मध्ये सिलिकॉन तेलाचं कपलिंग, म्हणजे गार असताना फॅनला सैल सोडणारा जोड. माझं कपलिंग जाम झालं होतं, त्यामुळं फॅन गरज असो-नसो इंजिनाबरोबर फिरायचा. हायवेला वारा समोरून भरपूर येतो, तिथं फॅनचं काहीच काम नसतं, पण नेमका तिथंच तो जास्त ताकद खातो. फेरे दुप्पट झाले की पंख्याला आठपट ताकद लागते. उलट बेळगावात चन्नम्मा सर्कलला सिग्नलवर उभं राहिलं की इंजिन हळू, म्हणून फॅनही हळू. हवा पाहिजे तेव्हा नाही आणि नको तेव्हा आहे, असा प्रकार.

नवीन कपलिंगची किंमत ऐकून मी दुकानातून तसाच बाहेर पडलो. डिसेंबरात काम केलं. जुन्या मारुतीचा फॅन १,२०० रुपये, रिले (छोट्या करंटच्या हुकमावर फॅनचा मोठा करंट जोडणारा स्विच) आणि फ्यूज होल्डर २००, तापमानावर चालणारा थर्मोस्विच ३५०, वायर ३५०, उद्यमबागेत लेथवर कातून घेतलेला होजचा अडॅप्टर आणि पुलीचा स्पेसर ५००, वायरिंगची मजुरी ६००. एकूण ३,२००. तो स्पेसर विसरू नका. फॅन काढल्यावर त्याच स्टडांवर पुली बसवायची असते आणि मधली जाडी गेल्यामुळं नट पूर्ण आवळत नाहीत. पुली सुटली तर वॉटर पंप आणि अल्टरनेटर दोन्ही बंद.

स्विच ९२ अंशांना लागतो, ८७ ला सुटतो. पहिल्याच दिवशी फरक कळला. खानापूर ते बेळगाव हायवेला फॅन एकदाही लागला नाही. मागच्या सीटवरचं बोलणं पुढं ऐकू यायला लागलं. डिसेंबरातल्या थंडीत इंजिनही लवकर गरम व्हायला लागलं.

पेट्रोलबद्दल मात्र मी लोकांना चुकीचं सांगितलं होतं. पहिल्या टाकीला लिटरला १२ किलोमीटर मिळाले आणि मी ते सगळीकडं सांगत सुटलो. ती टाकी जवळजवळ सगळी कोल्हापूरच्या हायवेवर संपली होती, हे नंतर लक्षात आलं. मुलगी साखळीला दिलीय, गोव्यात पेट्रोल स्वस्त, म्हणून टाकी नेहमी तिथल्या एकाच पंपावर फुल्ल करतो. त्या हिशोबानं आधी १०.२ होतं, आता १०.७ आहे. महिन्याला ६०० किलोमीटर फिरतो, म्हणजे पावणेतीन लिटरची बचत. खर्च वसूल व्हायला वर्ष लागणार. वीज काही फुकट येत नाही. ती अल्टरनेटरच करतो, अल्टरनेटर इंजिनच फिरवतं आणि मध्ये बरीच ताकद उष्णता होऊन जाते. फायदा एवढाच, की फॅन लागेल तेव्हाच फिरतो.

आता बल्ब. फॅन चालू झाला की कळावं म्हणून डॅशबोर्डवर हिरवा बल्ब लावून घेतला होता. त्या दिवशी घाटात पुढं लोड भरलेला ट्रक, मी पहिल्या-दुसऱ्या गिअरला, दुपारचे दोन. बल्ब पेटलेला, म्हणून मी निवांत. बायकोनंच आधी बघितलं. ‘‘अहो, काटा बघा की कुठं गेलाय!’’ काटा लाल पट्टीला टेकला होता. हिटर फुल्ल सोडला, ब्लोअर चारही खाचा पुढं नेला आणि जागा मिळताच गाडी बाजूला घेतली. मे महिन्यात हिटर लावणं जिवावर येतं, पण त्याच्या छोट्या रेडिएटरमधून इंजिनाची बरीच उष्णता निघून जाते. काटा थोडा खाली आला.

बॉनेट उघडलं तर फॅन बंद आणि फ्यूज होल्डर वितळून काळा पडलेला. फ्यूज काढून बघितला तर शाबूत! मला ते पटेचना. नंतर उलगडलं. होल्डरच्या आतली पकड ढिली होती. ढिल्या जागी वायर तापते, पण करंट वाढत नाही, आणि फ्यूज तर करंट वाढला तरच उडतो. प्लास्टिक वितळलं, पकड सुटली, फॅन थांबला. बल्ब मात्र रिलेच्या कॉइलवर जोडलेला. स्विचनं हुकूम दिला एवढंच तो सांगत होता, फॅनपर्यंत वीज पोचली की नाही हे त्याला कळतच नव्हतं. फ्यूजच्या पायांना वायर गुंडाळून टेप मारली आणि पाऊण तासानं इंजिन थंड झाल्यावर कणकुंबीपर्यंत आलो. रेडिएटरच्या कॅपला हात लावला नाही.

वायरिंग केलेल्या माणसाकडं गेलो तर तो म्हणाला, ‘‘काका, बल्ब लागत होता की नाही? मग माझं काम बरोबर आहे की.’’ या उत्तराचा मला आजही राग येतो. गाडीत घरची माणसं बसलेली असतात. पैसे परत मागितले नाहीत, पण वायरिंग सगळी काढून दुसरीकडं नव्यानं करून घेतली.

मल्टिमीटर लावला तेव्हा खरं कळलं. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, फॅनच्या टोकाला ११.९. बारीक वायर आणि रंगावरच आवळलेली अर्थिंग, त्यामुळं फॅन पहिल्या दिवसापासून कमी जोरानं चालत होता. आता जाड वायर, वायरच्या टोकांना दाबून बसवलेल्या थिंबल, रंग खरवडून अर्थिंग आणि चांगल्या पकडीचा होल्डर. आता फॅनपाशी १३.४ येतात. बल्बची वायर फ्यूजच्या पुढं, थेट फॅनच्या टोकावरून घेतलीय. मोटरच जळाली तर हाही बल्ब फसवेल, म्हणून बल्ब पेटला तरी नजर काट्यावर ठेवतो.

पुतण्या म्हणतोय, आता स्टीअरिंगही विजेचं करूया. जागेवर वळवताना ते ३०-४० ॲम्पिअर खेचतं. रात्री पावसात हेडलाइट, वायपर आणि फॅन एकत्र चालले की आयडलला माझं व्होल्टेज आत्ताच १२.४ वर येतं. मोठा अल्टरनेटर बसवल्याशिवाय नाही, असं त्याला सांगितलंय. वॉटर पंप बेल्टवरच राहणार, त्याला हात लावायचा नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा साखळीला जाऊन आलो. येताना घाटात धुकं आणि पाऊस, बल्ब दोनदा पेटला, काटा निम्म्यावरच होता. जांबोटीला थांबून होल्डरला हात लावून बघितला. कोमट होता.