बंदरावरच्या दुकानातला रॅपअराउंड गॉगल: वडसापासून कितपत वाचवतो?

हर्णे काय नि मालवण काय, बंदरालगत हा गॉगल मिळतो: कानशिलांपर्यंत वळलेली फ्रेम, पॉलिकार्बोनेटची काच, कोपऱ्यात ‘यूव्ही ४००’चं (४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवण्याच्या दाव्याचं) स्टिकर. आपला प्रश्न वडसाचा: डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळावर चढणारी मांसल वाढ. स्टिकरवर जाऊ नका, ते कशावरही चिकटतं. मात्र काच खरोखर पॉलिकार्बोनेटची असेल तर ३८० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण ती मुळातच जवळजवळ सगळे अडवते. तपासायला ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च हवा. त्याखाली नोटेचा नंबर चमकतो. टॉर्चसमोर काच धरली की चमक विझायला हवी. ३९५चा स्वस्त टॉर्च फसवतो, त्याचा जांभळा उजेड चांगल्या काचेतूनही निसटतो.

काच किती काळी, याला महत्त्व नाही. काळी पण किरण न अडवणारी काच उलट घातक, कारण अंधारात बाहुली रुंदावते. पोलराइज्ड काच पाण्याची चमक मारते, अतिनील किरण अडवण्याचा गुण वेगळा.

खरी परीक्षा कडेची. बाजूने आलेला प्रकाश कॉर्नियातून (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागातून) वळून नाकाकडच्या काठावर एकवटतो, आणि वडस बहुधा तिथूनच बुबुळावर चढतो. अतिनील किरणांनी पेशींत ऑक्सिजनचे दाहक रेणू तयार होतात. त्यांना निष्प्रभ करायला कॉर्नियाकडे क जीवनसत्त्व, ग्लुटाथिओन, कॅटलेज अशी ‘अँटिऑक्सिडंट’ फौज आहे, पण वर्षानुवर्षांच्या उन्हापुढे ती तोकडी पडते. रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढताना) ऊन खालूनही येतं: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, लाटेचा फेस २५ टक्के अतिनील किरण परतवतो. म्हणून फ्रेम आणि कानशील यांच्यामध्ये करंगळी शिरत असेल तर तो गॉगल परत द्या. गालाकडची फट जमेल तेवढी कमी, वरून कडा असलेली टोपी. ढगाळ दिवशीही काढू नका.

खोट एकच, पण मोठी: घामाने आत वाफ धरते आणि मग माणूस तो कपाळावर चढवतो. कडेला बारीक वायुभोकं असलेलाच घ्या.

दुकानदार सोबत ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूल गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. डोळ्यांसाठीच्या ज्या सूत्राचा दाखला दिला जातो, ते डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधल्या भागाच्या, म्हणजे मॅक्युलाच्या विकारासाठी तपासलेलं आहे, वडसासाठी नव्हे.

खारं पाणी सुकलं की मिठाचे कण काचेवर राहतात. लुंगीच्या टोकाने पुसलं की ओरखडे उठतात. आधी गोड्या पाण्यात बुडवून मीठ विरघळू द्या, मग मऊ सुती कापड. डिझेल किंवा थिनर लागलं तर पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. बिजागरीचा स्क्रू साध्या लोखंडाचा असेल तर आधी तोच गंजतो, तेव्हा घेतानाच स्टेनलेसचा बसवून घ्या.