वेस्टवर्ल्ड : एक माशी आणि नंतरचे थवे

मालिका पाहिली नसेल तर आधी पहिला सीझन बघून या, कारण पुढे सगळी रहस्यं फोडलेली आहेत.

वेस्टवर्ल्ड म्हणजे पाहुण्यांच्या मौजेसाठी उभारलेलं पार्क. तिथे हुबेहूब माणसांसारखी दिसणारी यंत्रं राहतात, त्यांना होस्ट म्हणतात. त्यांतलीच एक डोलोरेस खुर्चीत निश्चल बसली आहे. चेहऱ्यावर एक माशी फिरते, थेट उघड्या बुबुळावरून चालत जाते, आणि हिची पापणीही लवत नाही. सुरुवात अशी. त्याच एपिसोडच्या शेवटी ती सकाळी घराबाहेर उभी असते, माशी मानेवर बसते आणि ती एका चापटीत माशी मारते. ही यंत्रं कुठल्याही जिवाला इजा करूच शकत नाहीत, असं तोवर आपल्याला तासभर पटवलेलं असतं. मी अंथरुणात ताडकन उठून बसले होते.

ही ऑक्टोबर २०१६ची गोष्ट. मी कोल्हापुरात, धाकटा भाऊ पुण्यात हॉस्टेलला. सोमवारी रात्री जेवणं उरकली की दोघं आपापल्या ठिकाणी एपिसोड बघायचो आणि मग तासभर फोन. मी एक दोनशे पानी वही केली होती. पार्कचा लोगो काही दृश्यांत वेगळा दिसतो, हे भावाने पकडलं. मी दुधाच्या डब्यावर लक्ष ठेवलं. घोड्यावर सामान लादताना डोलोरेसच्या हातून रोज तोच डबा निसटतो, धुळीत घरंगळतो आणि तिच्यावर प्रेम करणारा होस्ट टेडी तो उचलून देतो. एके दिवशी तो विल्यम नावाचा पाहुणा उचलतो. बाकी सगळं तेच, डबा उचलणारा हात तेवढा बदललेला, आणि तिचा अख्खा दिवस दुसऱ्याच वाटेला लागतो. हा भला पोरगा विल्यम आणि काळ्या टोपीतला तो निर्दय म्हातारा एकच आहेत, मध्ये तीसेक वर्षं गेलीत, हे दहाव्या एपिसोडमध्ये कळलं तेव्हा फोनवर दोघंही गप्प होतो. तो उलगडा नुसती चलाखी नव्हती. डोलोरेसला आठवण आणि आत्ताचा क्षण वेगळे करताच येत नव्हते, म्हणून आपल्यालाही येत नव्हते. तिचं दुखणं होतं ते. पार्क उभारणारा फोर्ड, म्हणजे अँथनी हॉपकिन्स, तर हळू आवाजात बोलूनच धाक बसवतो.

दुसरा सीझन २०१८च्या एप्रिलमध्ये आला. आता पार्कमध्येच काम करणाऱ्या बर्नार्डच्या, तोही होस्टच, आठवणी विस्कटलेल्या. त्यालाही कथेत कारण दिलंय, पण त्याच्या मनात काय चाललंय यापेक्षा हे दृश्य आधीचं की नंतरचं, यातच माझं लक्ष अडकायचं. तिसऱ्या एपिसोडला इंग्रजी अमदानीतला भारत दाखवणारं पार्क आलं, तेव्हा मी सरसावून बसले. सतार, हत्ती, शिकार, वाघ. आपल्या चेहऱ्याचे होस्ट मात्र साहेबांची सरबराई करण्यापुरते. एकालाही गोष्ट मिळाली नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं.

त्याच सीझनचा आठवा एपिसोड मात्र मी चार वेळा पाहिलाय. बहुतेक संवाद लाकोटा भाषेत, आणि झान मॅक्लार्नन या नटाने केलेला अकेचेटा हा होस्ट. मेलं की पुसून पुन्हा उभं करतात, मग बायको आठवणार नाही, म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं मरणच टाळतो. शेवटी तिच्या शोधासाठी मरण पत्करून पार्कच्या खाली पोहोचतो, तर ती बंद करून ठेवलेल्या होस्टच्या रांगांत उभी. तो समोर जाऊन उभा राहतो, ती ओळखत नाही. त्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी ही मालिका बघत होते.

पुढे नेमकं तेच सुटलं. मेलेला होस्ट नव्या शरीरात येतो, एका डोलोरेसच्या चार प्रती फिरतात, आणि कुणी गेलं तरी पोटात कालवत नाही. तिसरा सीझन १५ मार्च २०२०ला सुरू झाला. दहा दिवसांत देशभर लॉकडाऊन. घराबाहेर पडायचं नाही, हाताशी वेळच वेळ, भाऊही घरी आलेला, प्रथमच आम्ही एका खोलीत बसून बघत होतो. माणसांचं आयुष्य आधीच लिहून ठेवणारा तो यंत्राचा गोळा, सिंगापूरच्या झगमगीत इमारती, गोळीबार. पाचव्या एपिसोडला भाऊ पाणी आणायला उठला आणि 'थांबवू का?' असं मी विचारलंही नाही. त्यालाही ते जाणवलं नाही. वही त्या वेळी माळ्यावर होती.

२०२२च्या चौथ्या सीझनमध्ये माश्या परत आल्या. थवेच्या थवे, माणसांच्या शरीरात शिरून त्यांना ताब्यात घेणारे. माझे डोळे मात्र त्या एका माशीला शोधत होते. नोव्हेंबरात मालिका बंद झाल्याची बातमी आली, निर्मात्यांना आणखी एक सीझन करायचा होता म्हणे. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, 'ताई, लोगोवालं ते पान आहे का गं अजून?' आहे.

नव्याने बघणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच : पहिले दहा एपिसोड सलग, रात्री, फोन बाजूला ठेवून बघा. दुसऱ्या सीझनमधला आठवा चुकवू नका. तिसऱ्या-चौथ्यासाठी मी आग्रह करणार नाही.