टेक्सासचा नकार, कॅलिफोर्नियाचा होकार

2009च्या मंदीत वॉशिंग्टनने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारने, बेरोजगार भत्त्यासाठी राज्यांपुढे 7 अब्ज डॉलर ठेवले. अट होती नियम सैल करण्याची. जुन्या नियमात एप्रिलमध्ये नोकरी गेली, तर भत्त्याची पात्रता ठरवताना जानेवारी ते मार्चची कमाई हिशेबातच धरत नसत. नुकत्याच कामाला लागलेल्यांच्या पोटावरच पाय!

कॅलिफोर्नियाने कायदा बदलला आणि सुमारे 83.9 कोटी डॉलरचा हक्क मिळवला.

टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी मात्र 55.5 कोटी नाकारले. केंद्राचा पैसा संपल्यावर कराचा बोजा उद्योजकांवर पडेल, हा त्यांचा मुद्दा. तो अगदीच खोटा नव्हता. बदललेला नियम पुढेही पाळावा लागणार होता. पण त्याच वर्षी टेक्सासच्या भत्ता-निधीत खडखडाट झाला आणि केंद्राकडूनच कर्ज काढावे लागले. कर्ज कॅलिफोर्नियानेही काढले, पण तिथल्या नव्या कामगाराला निदान भत्त्याचे दार उघडले. मला तोच निर्णय माणुसकीचा वाटतो.