‘समुद्रापासून १० मिनिटं, एनए प्लॉट’ : यात आमचे १५,५०,००० रुपये गेले

अलिबाग, मांडवा, उरण या बाजूला कुणी तुम्हाला ‘एनए’ म्हणजे बिगरशेती प्लॉट दाखवून साठेखताला (पुढे विकण्याच्या कराराला) बसवत असेल तर आधी हे वाचा आणि मग पेन हातात घ्या. आमचे पैसे परत मिळतील याची आता फारशी आशा नाही. पण आम्हाला फसवणारी टोळी अजून रविवारी गाड्या भरभरून माणसं नेतेय, म्हणून लिहितेय.

आम्ही काही डोळे मिटून गेलो नव्हतो. वसई-विरार पाहिलं, केळव्याकडे पाहिलं, उरणला द्रोणागिरीत फ्लॅट पाहिले. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रोने गाडीसकट जाता येतं. रेवस-करंजा पुलाची चर्चा तर अंतुल्यांच्या काळापासूनची, आता कुठे ते काम मार्गी लागलंय. हे सगळं खरंच आहे. या लोकांचं कसब तिथेच आहे. ते सुरुवातीला जे जे बोलतात ते तुम्ही पेपरात वाचलेलं असतं, त्यामुळे तुमची मान आपोआप हलते. ‘पूल झाला की इथे गुंठा १० लाखांच्या खाली मिळायचा नाही’ हे ते अगदी शेवटी, सहज बोलल्यासारखं सोडतात.

५ गुंठे, गुंठ्याला ३,६०,०००, एकूण १८,००,०००. टोकन ५१,०००. साठेखताच्या दिवशी चेकने ४,४९,०००. पुढे आरटीजीएसने ८,००,०००. शिवाय मोजणी, कंपाउंड आणि ‘फाइल पुढे सरकवायला’ म्हणून २,५०,००० रोख. उरलेले ५,००,००० खरेदीखताच्या वेळी द्यायचे होते. यात ह्यांचा पीएफ आहे आणि माझं सोनं आहे. रोख रकमेची पावती त्यांनी दिली नाही, ‘साहेबांना कळलं तर अडचण होईल’ म्हणाले. कुठलाही माणूस रोख मागून पावती नाकारत असेल तर तिथूनच उठा, चहासुद्धा घेऊ नका.

जागेवर नेलं त्या दिवसाचाच सगळ्यात जास्त संताप येतो. चुन्याने प्लॉट आखलेले, कोपऱ्यांवर लाल रंग दिलेले दगड, दोन्ही बाजूंना झेंडे. जमीन भेगाळलेली आणि भेगांच्या कडांना पांढरट थर. मी वाकून बोट लावलं. मीठच होतं. जरा पुढे, बांधाच्या कडेला, बोटभर रुंदीची बिळं आणि त्यांच्या तोंडाशी एक नांगी भली मोठी असलेले बारके खेकडे. बांधापलीकडे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं. मी तिथल्या तिथे विचारलं, इथे पाणी येतं का हो? जागा दाखवणाऱ्या पोराने क्षणभरही न थांबता सांगितलं, ‘ताई, ही भाताची जुनी खाचरं. पावसाचं पाणी सुकलं की असा थर धरतो.’ आमच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या जोडप्यानेही मान डोलावली. ते जोडपं त्यांचंच होतं असं मला आता वाटतं.

मी विचारलं होतं, हे मुद्दाम सांगते. कारण आता जो तो म्हणतो, ‘अहो, विचारायचं नाही का?’ विचारलं, आणि तोंडावर खोटं ऐकलं. ठाण्यात वाढलेल्या माणसाला खारजमीन कशी ओळखायची हे कोण शिकवतं?

नंतर गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने समजावलं तेव्हा सगळा डाव उघडा पडला. आम्हाला अष्टमीच्या सुमारास नेलं होतं. तेव्हा भांगाचं पाणी असतं, भरती बांधापर्यंत चढतच नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की तीच खाचरं खाडीच होतात. आम्ही पावसाळ्यात पौर्णिमेला गेलो तेव्हा आमच्या प्लॉटवर गुडघ्याच्या वर पाणी होतं. चुना गेला होता, झेंडे गेले होते, फक्त आमच्या पैशाने रोवलेले कंपाउंडचे खांब पाण्यातून वर दिसत होते. तेव्हा किनाऱ्याजवळची कुठलीही जागा बघायची तर उधाणाच्या दिवशी, भरतीच्या वेळेला बघा, आणि त्यांच्या गाडीतून जाऊ नका.

आता कागद. एनए ऑर्डरची झेरॉक्स दाखवली ती खरीच निघाली, पण शेजारच्या जमिनीची. ऑर्डरवर गट नंबरपुढे /१ होतं, आमच्या साठेखतात /२. तोही फरक माझ्या नजरेला आला होता. उत्तर तयार होतं : ‘पोटहिस्सा पडलाय ताई, मूळ गट एकच.’ एक नाही! /२ ची जमीन शेतीचीच आहे, भोगवटादार वर्ग २ आहे, आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात आणखी दोन नावं आहेत. वर्ग २ म्हणजे सरकारी परवानगीशिवाय ती विकताच येत नाही. वर आम्ही शेतकरी नाही, म्हणजे कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे आमच्या नावावर अशी शेतजमीन होणंच शक्य नव्हतं. आणि तिवरं आहेत तिथे बांधकामाचं नावच काढू नका. जमीन खासगी असली तरी खारफुटीला हात लावता येत नाही असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

रेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचं, विचारलं तर म्हणाले, ‘५०० मीटरच्या आत आहे, लागत नाही.’ ५०० चौरस मीटरपर्यंतच्या किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे हे खरं, पण त्यांनी एकच मोठा लेआउट कागदावर चार-पाच नावांनी तोडला होता. समोर ४० प्लॉट आखलेले दिसत असताना सूट कसली?

साठेखत नोटरीचं होतं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला ‘सर्व्हर डाउन आहे, नंतर करू’ असं कुणी म्हणालं तर चेकबुक पिशवीत ठेवा.

पोलिसांकडे गेलो. पहिलं वाक्य : ‘मॅडम, हे दिवाणी आहे, कोर्टात जा.’ दुसऱ्याची एनए ऑर्डर दाखवून पैसे घेतले, हे दिवाणी कसं? साहेब बंदोबस्तात, मग साहेब रजेवर, मग साहेब बदलले आणि नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगा. तिथून ‘जागा जिथे आहे त्या हद्दीत जा’ म्हणून पाठवलं. तिथले म्हणाले, ‘पैसे जिथून दिले तिथे जा.’ तलाठी कार्यालयात सांगितलं की तुमचं नाव सातबाऱ्यावर नाही, तुम्हाला काय माहिती द्यायची? अहो, नाव लागलं नाही हीच तर तक्रार आहे! एका कारकुनाने तर हसत विचारलं, ‘एवढे पैसे होते तर वकील का नाही केला?’ वकील केला होता. त्यांनीच सुचवलेला. त्याने ५,००० घेऊन ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट दिला, तो /१ चा. वकील स्वतःचा करा, विकणाऱ्याने पाठवलेला नको.

तक्रार घेत नसतील तर वाद घालत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, तरी हललं नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. हे आम्हाला एकाही कार्यालयात कुणी सांगितलं नाही. माहीत असतं तर मधले महिने वाया गेले नसते आणि तेवढ्यात आमचे पैसे घेणाऱ्या माणसाने खातं रिकामं केलं नसतं.

सातबारा स्वतः ऑनलाइन काढा, त्यांनी दिलेला नको. फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, जुन्यापासून बघा. नगर रचना कार्यालयातून झोन दाखला घ्या, किनारा व्यवस्थापनाच्या नकाशात तो गट कुठे पडतो ते बघा. भूमी अभिलेखची मोजणी झाली म्हणतात तर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मागा. आमच्याकडे मोजणी करायला जो टेप घेऊन आला होता तो सरकारी माणूस नव्हताच.

खाडीकाठच्या अशाच आखलेल्या प्लॉटचं नोटरी साठेखत ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपला गट नंबर आजच त्या एनए ऑर्डरवरच्या नंबराशी ताडून बघावा. जुळत नसेल तर पुढचा हप्ता थांबवा, बँकेचे उतारे आणि फोनवरचे मेसेज जपून ठेवा, आणि एकेकट्याने न जाता आपल्या गट नंबरातले बाकीचे खरेदीदार शोधून सगळे मिळून आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या. आम्हाला आतापर्यंत असे तिघे सापडलेत, आणि त्यातल्या दोघांना आमचाच प्लॉट विकलेला आहे.