प्लास्टरचा लेबर ठेका घेताय यांचा? आधी वाचा (१ स्टार, तोपण स्टोअरकीपरचा)

कंपनीचं नाव टाकत नाही, पैसे अडकलेत आणि वकील म्हणाला सध्या गप्प बस. पुण्यात काम करणारी मेन काँट्रॅक्टर कंपनी आहे एवढंच समजा, बिल्डर वेगळा, हे मधले. माझा ब्लॉकवर्क आणि प्लास्टरचा लेबर ठेका, सामान त्यांचं माणसं माझी, रेट स्क्वेअर फुटावर.

आधी चांगलं सांगतो. वर्क ऑर्डर लगेच देतात, चहापाणी, साहेब साहेब, आणि पहिली दोन आरए बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने लावायची बिलं) एकदम वेळेवर. हे मुद्दाम लिहितोय कारण सगळे तिथंच गार होतात, माणूस गावाकडून मिस्त्री-हेल्परच्या अजून दोन जोड्या बोलावून घेतो, उचल वाटून मोकळा होतो आणि मग तिसऱ्या बिलापासून यांचा खरा कारभार चालू. बिल सर्टिफाय व्हायला वेळ, सर्टिफाय झालं की एमडी साहेब बाहेर, साहेब आले की बिल्डरकडून पैसा आला नाही, आणि फार बोंबललं तर "ऑन अकाउंट" म्हणून काहीतरी टेकवतात म्हणजे शनिवारची खर्ची सुटते आणि तुमची माणसं पुढच्या आठवड्यालाही साईटवर राहतात. तेवढंच त्यांना पाहिजे असतं.

मोजमापात तर कहर आहे. आयएस १२०० मध्ये, म्हणजे बांधकाम मोजायच्या भारतीय स्टॅण्डर्डमध्ये, सरळ लिहिलंय, अर्ध्या स्क्वेअर मीटरपर्यंतचं ओपनिंग, म्हणजे भिंतीतली मोकळी जागा, मापातून कापायचं नाही, आणि अर्ध्यापासून तीन स्क्वेअर मीटरपर्यंतचं असेल, दोन्ही बाजूला सारखं प्लास्टर असेल तर एकाच बाजूचं कापायचं, कारण दुसऱ्या बाजूच्या बदल्यात जांब आणि सोफिटचं, म्हणजे ओपनिंगच्या आतल्या बाजूंचं आणि वरच्या पट्टीचं, काम धरलेलं असतं. यांचा बिलिंग इंजिनिअर खिडकी दोन्ही बाजूनी कापतो, जांब मोजत नाही, वर टॉयलेटचा झरोकापण कापतो. एका फ्लॅटला फार वाटत नाही हो, अख्ख्या टॉवरला गुणा मग कळेल. जॉइंट मेजरमेंट घ्या, दोघं मिळून मोजू म्हटलं की "दादा तुमचा आमच्यावर विश्वास नाही का".

आता क्वालिटीचं, आणि हे फ्लॅट घेणाऱ्यांनीपण वाचा. ड्रॉइंगमध्ये बाहेरचं प्लास्टर १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), दोन कोट, कॉलम-बीम आणि ब्लॉकच्या जोडावर चिकन मेश, म्हणजे तडे जाऊ नयेत म्हणून तारेची जाळी. साईटवर सिमेंटच्या गोण्या स्टोअरमधून मोजून मिळणार आणि त्यात अख्खी भिंत ओढायची म्हणजे १:६ च्या वर माल जातो, मिस्त्रीने तोंड उघडलं की सुपरवायझर म्हणतो थोडं पातळ मार. क्रश सॅण्ड (दगड फोडून केलेली वाळू) तर अशी यायची की मूठभर घेऊन सोडली की तळहात पीठ लागल्यासारखा पांढरा, नुसती डस्ट, धुतलेली गाडी मी क्वचितच बघितली. अशा मालाला पाणी जास्त लागतं आणि वाळला की तो आकसतो, त्यात एप्रिलचं ऊन आणि पश्चिमेची भिंत. निदान सात दिवस पाणी मारायला पाहिजे, ते काम वर्क ऑर्डरप्रमाणे कंपनीकडे, पण टँकरचे पैसे वाचवायचे म्हणून पाणी मारायचा पोरगा सकाळी एकदा पाईप फिरवायचा आणि गायब.

मेशचं तर ऐकाच. सॅम्पल फ्लॅटमध्ये मेश नीट खिळे मारून लावली, प्लास्टर धरावं म्हणून काँक्रीटला टाच्यापण मारून घेतल्या, त्याचे चार अँगलनी फोटो काढले आणि तेच फोटो वरच्या मजल्यांच्या चेकलिस्टला लागले. वर मेश आलीच नाही. मी व्हॉट्सअॅपवर लिहून मागितली, इंजिनिअरने अंगठा टाकला, तीन दिवसांनी म्हणाला मजला क्लोज कर नाहीतर लेबर आयडल, म्हणजे माणसं बसून राहिल्याचा खर्च, लावतो तुझ्यावर. केला क्लोज. माणसं बसवून ठेवली तर हजेरी माझ्याच खिशातून जाते.

पावसाळ्याआधीच तडे आले, कुठे? बरोब्बर कॉलमच्या कडेने, सरळ उभे, पट्टी लावून आखल्यासारखे. आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे. आता सिमेंट त्यांनी वाचवलं, मेश त्यांनी वाचवली, पाणी त्यांनी वाचवलं, आणि डेबिट नोट, म्हणजे माझ्या बिलातून पैसे कापायचा कागद, आली माझ्या नावावर! "निकृष्ट कारागिरी, दुरुस्ती खर्च." वर बिलातून राखून ठेवलेलं ५ टक्के रिटेन्शन आहेच, ते डीएलपी (दोष दुरुस्तीची मुदत) संपल्यावर, म्हणजे कधी ते ब्रह्मदेवाला विचारा. माझं म्हणणं हेच आहे की पेमेंट थकवणं आणि मालात मारणं या यांच्या दोन वेगवेगळ्या भानगडी नाहीत, एकच हिशोब आहे. सामान कमी देऊन जो तडा पाडतात, तोच दाखवून मजुरीचे पैसे कापतात.

मजूर यादगीर-गुलबर्ग्याकडचे, काही नांदेडचे. दिवाळीला हिशोब मागणारच ना ते, त्यांना काय सांगू एमडी साहेब बाहेर आहेत? बायकोचं गंठण पतपेढीत ठेवलं आणि हिशोब केला. वर बिल फाडलं की १८ टक्के जीएसटी मला भरावा लागतो, पैसे आलेले असोत नसोत.

जे या लाईनमध्ये आहेत त्यांनी दोन-चार गोष्टी बघून ठेवा. इन्कम टॅक्सच्या साईटवर आपला २६एएस (कापलेला टीडीएस दाखवणारा उतारा) उघडून बघा. यांनी तुमच्या बिलावर १ टक्का टीडीएस कापून भरला असेल तर तो तिथे दिसतो, मग "तुमचं बिल पास झालंच नव्हतं" असं म्हणायला तोंड राहत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे, काम घ्यायच्या आधी करा. एमएसएमई कायदा २००६ चा आहे, त्यात करार असला तरी ४५ दिवसांच्या वर थांबवता येत नाही, थांबवलं तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून तर इन्कम टॅक्समध्येपण आलं, ४३बी(एच), मायक्रो-स्मॉलवाल्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देईपर्यंत तो खर्च धरता येत नाही. म्हणूनच मार्चमध्ये यांच्या अकाउंट्समधून फोन आला होता, पैसे द्यायला नाही, "बिलावरचा उद्यम नंबर काढून नवीन बिल द्या" म्हणायला. नाही दिलं. पण डोळे झाकून समाधान पोर्टलवर (थकलेल्या पैशांची तक्रार करायची एमएसएमईची सरकारी साईट) पळू नका, मुंबई हायकोर्टाने वर्क्स काँट्रॅक्ट (सामान आणि मजुरी एकत्र असलेला ठेका) या एमएसएमई कायद्यात बसत नाही असं म्हटलेलं आहे आणि समोरचा वकील पहिलं तेच काढतो. नुसता लेबर जॉब असेल तर वर्क ऑर्डरची भाषा वकिलाला आधी दाखवा. आणि तीन वर्षं उलटायच्या आत दावा टाका, "होऊन जाईल दादा" करत करत मुदत निघून जाते.

फ्लॅटवाल्यांसाठी. पझेशन घेताना रंगावर जाऊ नका, पुट्टीखाली काय वाट्टेल ते लपतं. भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकत जा, बद बद आवाज आला की तिथे प्लास्टर सुटलेलं आहे. कॉलमच्या कडेचा उभा तडा "हेअरक्रॅक आहे, नॉर्मल आहे" म्हणून सोडू नका, लेखी द्या. रेरा कायद्यात कलम १४(३) आहे, पझेशनपासून पाच वर्षांत असा दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचं. तोंडी सांगून काही होत नाही.

एक स्टार दिलाय तो स्टोअरकीपरला. त्या माणसाने रजिस्टरमध्ये खऱ्या नोंदी केल्या, कुठल्या दिवशी किती गोण्या दिल्या, मेश किती आली, माझ्या चलनांवर वेळ टाकून सही दिली. आता तो तिथे नाही म्हणून बिनधास्त लिहितोय. डेबिट नोटच्या विरोधात आज माझ्याकडे जे काही आहे ते त्याच्या सह्यांवर आहे.

बाकी नाव नसलं तरी कंपनी ओळखेलच आणि खाली उत्तर येईलच, "आपल्या अनुभवाबद्दल खेद वाटतो, कृपया आमच्याशी संपर्क साधा." साहेब, संपर्क रोजच साधतोय, तुमचे अकाउंट्सवाले नंबर बघून कट करतात. उत्तर द्यायचंच असेल तर सही केलेली मेजरमेंट शीट टाका, खिडक्या एका बाजूनी कापलेली.