रापण, डोल की न्हय? आणि होडी लाकडाची की फायबरची?

पावसाळा सरत आला की दरवर्षी दोन-तीन तरणी पोरं हाच प्रश्न घेऊन येतात. दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून राबून झालं, आता स्वतःचं काहीतरी करायचंय, तर काय घेऊ? बहुतेकांच्या डोक्यात होडी आधी असते. मी त्यांना उलटं सांगतो. आधी आपला किनारा बघा, मग घरात हात किती आहेत ते मोजा, मग रापण, डोल की न्हय, यांतलं जाळं ठरवा. होडी सगळ्यात शेवटी, जाळ्याच्या बेताची.

किनाऱ्यावरून डोलीचा निकाल तिथल्या तिथे लागतो. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं लांब पिशवीचं जाळं. तोंडाशी आस (जाळ्याचं भोक) मोठा आणि शेपटाकडे बारीक होत गेलेला. समुद्रात खुंट रोवून ते बांधायचं आणि तोंड प्रवाहाकडे करायचं. मासा शोधत फिरायचं नाही, पाणीच तो आणून देतं. म्हणून पाण्याला ओढ हवी. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, मालवणात त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे सातपाटी, वसई, वर्सोव्यापासून रायगडपर्यंत डोलीवर घरं चालतात. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली तिच्यातच येते. उधाणाला पिशवी भरते, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, हात आखडतो, हे तिथल्या पोरांना सांगावं लागत नाही. डोलीचा मोठा दोष शेपटाच्या बारीक आसाचा. त्यात पिल्लंही भरडली जातात. तुमचं गाव या पट्ट्यात असेल तर डोल घ्या, पण शेपटाचा आस अजून बारीक करायच्या मोहात पडू नका. दक्षिणेला सिंधुदुर्गात असाल तर डोलीचा विचार सोडा.

मग उरतात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, आणि न्हय, म्हणजे गिलनेट, पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं, ज्यात मासा आसात अडकतो.

रापणीबद्दल मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, कारण मी तिच्यावर वाढलो. होडी किनाऱ्यापासून अर्धवर्तुळ मारून जाळं सोडत येते, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर, आणि दोन रांगा ओढायला लागतात. दोर जवळ येत जातो तसं आतलं पाणी थरथरायला लागतं. तारली असेल तर चांदीसारखं चमकतं, बांगडा असेल तर आधी आवाज येतो, पाऊस पडल्यासारखा. ओढायला हात लावला त्याला मासळी मिळणार, म्हातारीलाही आणि शाळकरी पोरालाही. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे, सगळं ठरलेलं. एवढी माणसं धरून ठेवणारं दुसरं जाळं आमच्या किनाऱ्यावर नाही.

पण एकट्याने घ्यायची ती वस्तूच नव्हे. तीस-चाळीस माणसं लागतात, मोकळी वाळू लागते, आणि मासा किनाऱ्याजवळ यावा लागतो. तोच आता येईनासा झालाय. गोव्यात रापणकारांनी 1970च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध लढा दिला तो याचसाठी. आपल्याकडे सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 साली आला, पर्ससीनवर (मासळीचा थवा वेढून खालून आवळायचं मोठं जाळं) 2016 च्या आदेशाने बंधनं आली, एलईडीच्या उजेडावर मासे गोळा करण्यावर 2017 मध्ये केंद्राने बंदी घातली. तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतात आणि सकाळी रापण हलकी येते. पोटात कालवतं. म्हणून माझं म्हणणं असं की रापणीत वाटा ठेवा, गावची रापण निघाली की ओढायला जा, पण घरचा खर्च तिच्या भरवशावर टाकू नका.

न्हयीला दोन-तीन माणसं पुरतात. भाऊ-भाऊ किंवा बाप-लेक. इथे खरा प्रश्न धाग्याचा आहे: पिळाचं नायलॉन की तंगूस, म्हणजे एकाच सलग तंतूचा पारदर्शक धागा? तंगूस पाण्यात दिसत नाही, त्यामुळे चांदण्या रात्रीही लागते आणि मासळी जास्त देते. किंमतही परवडते. पण एकदा खेकडे अडकले की समजा कामच लागलं. मांडीवर जाळं घेऊन एकेक नांगी मोडून सोडवायची, आणि प्रत्येक नांगीमागे दोन-तीन आस तुटलेले. तंगुशीची गाठ सरकते, सांधायला जीव जातो, म्हणून बहुतेक लोक फाटलेला तुकडा कापून टाकतात. पिळाचं जाळं जड, ओलं झालं की जास्तच, आणि मासळी थोडी कमी. पण घरात सुई चालवणारं माणूस असेल तर ते वर्षानुवर्षं सांधून चालतं.

आणि हरवलेलं जाळं, तंगूस असो की पिळाचं नायलॉन, सडत नाही; तंगूस तर दिसतही नाही, म्हणून तिच्यात मासे अडकतच राहतात. एका रात्री मोठ्या बोटीने माझी अर्धी न्हय ओढून नेली. पंधरवड्याने तिचा एक तुकडा किनाऱ्याला लागला, आत कुजलेला मासा आणि एक मेलेलं कासव. त्या दिवसापासून मी मुख्य जाळं पिळाचंच ठेवतो आणि तंगूस थोडीच, तीसुद्धा नजरेच्या टप्प्यात टाकायला.

आस निवडताना 135 मिलिमीटर हा आकडा ध्यानात ठेवा. सरंगा, म्हणजे पापलेट, लांबीला त्याहून लहान पकडायचा नाही, असा राज्याचा नियम आहे. पापलेट 2023 साली राज्यमासा झाला तो पिल्लांच्याच काळजीतून. लहान आसाचं जाळं आज टोपली भरतं आणि पुढच्या हंगामाचा मासा त्याच टोपलीत जातो.

आता होडी. लाकडाच्या जुन्या रापणी होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. लाटेत वाळूवर आपटल्या तरी शिवण जरा हलायची आणि फळी वाचायची. ती कारागिरी बघत राहावी अशी. पण पावसाळाभर झापाखाली सुकलेली होडी फटी उघडते. कापूस ठासा, तेल पाजा, पाण्यात भिजवून फुगवा, मग ती सोडा. लाकूड पोखरणारा किडा वेगळाच. असं काम जाणणारा सुतार पंचक्रोशीत एखाद-दुसराच उरलाय, आणि चांगल्या लाकडाचा भाव विचारवत नाही.

फायबर हलकी. दोघं जण ओंडक्यांवरून ती वर घेतात. इंजिनला पेट्रोल कमी लागतं आणि वर्षाची डागडुजी मोजकी. मात्र खडकावर घासली की तडा जातो, वाळूने बूड झिजतं, उन्हात वरचा थर फुटतो. उन्हाळ्यात झाकून ठेवा, आणि घेताना आत हवाबंद कप्पे किंवा फोम आहे का ते ठोकून बघा. फायबर पाण्याने भरली तर लाकडासारखी तरंगेल असं धरून चालू नका.

सिंधुदुर्गात, घरात दोन माणसं, किनारा वाळूचा, असं असेल तर मी स्पष्ट सांगतो: छोटी फायबरची होडी, आऊटबोर्ड इंजिन, पिळाची न्हय, सोबतीला थोडी तंगूस आणि खाडीसाठी एक पाग (हाताने फेकायचं जाळं). लाकडाची उलांडीची (तोल राखायला बाजूला ओंडका बांधलेली) होडी घरात आधीच असेल तर मोडीत काढू नका. 1 जून ते 31 जुलै यंत्रचलित नौकांना बंदी असते, वल्ह्याच्या होडीला नसते. पावसाळ्यात खाडीतल्या कालवणापुरती तीच उपयोगी पडते.

पैशांसाठी सावकाराकडे किंवा व्यापाऱ्याकडे आधी जाऊ नका. उचल घेतली की मासळीचा भाव तोच ठरवतो, आणि ते जोखड वर्षानुवर्षं उतरत नाही. मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी-जाळ्यासाठी सर्वसाधारण गटात 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान आहे. म्हणून अर्ज बायकोच्या किंवा आईच्या नावाने करता येतो का ते आधी विचारा. किसान क्रेडिट कार्डही आता मच्छीमारांना मिळतं. मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व आणि नौकेची नोंदणी, ही कामं होडी ठरवतानाच सुरू करा. कागद तयार व्हायला हंगामाचे चांगले दिवस जातात, आणि बांगडा काही तोवर थांबत नाही.